जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

घरोघरीं संगणक येऊन आतां बराच काळ लोटला आहे. एखाद्या घरांतील शिवणयंत्र किंवा भिंतीवरचें घड्याळ जसें आजीपासून नातीपर्यंत चालतें, तसें मात्र हें यंत्र चालत नाहीं. पांच वर्षें झालीं कीं तें जुनें आणि दहा झालीं कीं अडगळ, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे याचा अनुभव आम्हांस इ. स. २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आला, व तो येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण आमच्या वर्गांतील निदान सात-आठ विद्यार्थिबंधूंच्या घरीं असेंच एखादें यंत्र जुन्या साडीच्या तुकड्याखालीं झांकून ठेवलेलें आहे, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. पालकवर्गानेंही हा लेख वाचावा अशी आमची इच्छा आहे. 'खेळ' हा शब्द पाहून त्यांनीं पान उलटूं नये, एवढीच विनंति.

आमच्या घरचा संगणक इ. स. २०१३ सालचा. आमचे वडील बंधु त्या वर्षीं पांचवींत होते, व त्यांच्या अभ्यासाकरितां म्हणून तो आला. त्याचा प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-३ जातीचा, क्रमांक ३२२०, दोन गाभ्यांचा. मदरबोर्ड एच-६१ जातीचा. रॅम ४ जीबी. हार्ड डिस्क ५०० जीबी. आणि मॉनिटर साडेअठरा इंचांचा. हीं नांवें रुक्ष वाटलीं तरी पुढें तीं लागणार असल्यामुळें येथें नमूद करून ठेवतों. अलीकडे हें यंत्र सुरू होण्यास चार मिनिटें लागत. कळ दाबून आईनें चहाचें आधण ठेवावें, चहा गाळून घ्यावा, आणि मग खुर्चींत बसावें, असा तिचा परिपाठच पडून गेला होता.

आईचा उल्लेख आला तो सहज नव्हे. पंधरा बायकांच्या एका बचत गटाचा हिशेब ती गेलीं नऊ वर्षें याच यंत्रावर ठेवीत आहे. दर महिन्याची वर्गणी, गटांतून कोणी उचललेलें कर्ज, त्याचें व्याज, बँकेचा हप्ता, हें सारें तेथें. सायंकाळीं एक तास यंत्र तिचें, असा अलिखित करार होता. उरलेला वेळ आमचा.

आणि आमचा म्हणजे दादाचा व आमचा. 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ पुष्कळांस ऐकून तरी ठाऊक असेल. त्याचा पहिला भाग अमेरिकेंतील एन्सेंबल स्टुडिओज या संस्थेनें इ. स. १९९७ सालीं काढिला व दुसरा १९९९ सालीं. शेतें पेरावीं, लांकूड, सोनें व दगड जमवावे, प्रजा वाढवावी, गढी बांधावी आणि मग शेजाऱ्याशीं युद्ध करावें, असें त्याचें स्वरूप आहे. दुसऱ्या भागाची नवी आवृत्ति २०१९ च्या नोव्हेंबरांत निघाली, व २०२२ सालीं तींत बंगाली, द्राविड व गुर्जर हीं आपल्या देशांतील राज्यें आलीं. मराठे तेथें नाहींत याचें आम्हांस वाईट वाटतें. परंतु खेळाचा काळ मध्ययुगाचा आहे आणि शिवछत्रपतींचा जन्म त्यानंतरचा, तेव्हां त्या कर्त्यांस फारसा दोष देतां येत नाहीं. दादानें आम्हांस हा खेळ शिकविला तो मांडीवर बसवून. आम्ही शेतें पेरावीं, त्यानें लढाई पाहावी, अशी वांटणी असे. २०२४ सालीं तो नोकरीनिमित्त बंगळुरास गेला. पहिल्या सहा महिन्यांच्या पगारांतून त्यानें एक लॅपटॉप घेतला, आणि रविवारीं रात्रीं नऊ वाजतां तो तेथून व आम्ही येथून, असे आंतरजालावरून एकत्र खेळूं लागलों. त्याच्या खोलींतील दोन सोबतीही त्यांत येत.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीं तर पुढील प्रकार ध्यानांत यावयाचा नाहीं. रणांगणावर शेंकडों शिपाई असतां प्रत्येकाची जागा क्षणोक्षणीं दूरच्या संगणकास कळवीत बसणें हें फार खर्चाचें काम. म्हणून या खेळाच्या कर्त्यांनीं प्रारंभींच अशी युक्ति योजिली कीं, प्रत्येक खेळाडूच्या यंत्रानें संपूर्ण युद्ध आपल्यापाशीं स्वतंत्र चालवावें, आणि एकमेकांस केवळ हुकूम कळवावे. 'अमुक तुकडीस अमुक टेकडीवर जाण्यास सांगितलें', एवढाच निरोप जातो; टेकडी चढण्याचें गणित प्रत्येकजण आपापल्या घरीं करतो. मार्क टेरानो व पॉल बेटनर या दोघांनीं २००१ सालीं ही रीति एका लेखांत समजावून सांगितली आहे. पंधराशें तिरंदाज आणि २८.८ चा मोडेम यांची सांगड त्या लेखाच्या मथळ्यांतच घातलेली आहे. युक्ति उत्तम खरी. पण तिच्यांत एक मेख आहे. सगळ्या यंत्रांवरील युद्ध एकसारखें राहावयाचें तर सर्वांनीं बरोबर चाललें पाहिजे, आणि म्हणून जें यंत्र सर्वांत मंद त्याचीच गति सर्वांस धरावी लागते. जोडींतील एक बैल थकला कीं दुसरा कितीही तरणा असला तरी नांगर थकलेल्याच्याच चालीनें चालतो, तसेंच हें.

आमचा बैल थकलेला होता. अर्धा तास खेळ झाला, सैन्यें वाढलीं, कीं आमच्या पडद्यावर चित्रें सेकंदास पंधरांच्या आसपास येत, आणि बंगळुरास तीन चांगलीं यंत्रें आमची वाट पाहात खोळंबून राहात. तिसऱ्या कीं चौथ्या रविवारीं खेळांतील संभाषणाच्या चौकटींत एका सोबत्यानें इंग्रजींत, 'धाकट्याला काढ, नाहीं तर हा डाव उजाडेपर्यंत संपत नाहीं,' अशा अर्थाचें वाक्य लिहिलें. तें आम्हांस दिसतें हें बहुधा त्याच्या ध्यानांत नसावें. दादानें त्यावर कांहींच लिहिलें नाहीं. पुढील रविवारीं त्यानें फोन केला आणि म्हणाला, "अरे, आज नुसतेच बोलूं. काय चाललंय तुझं?" त्याच्या पुढच्या रविवारींही फोनच. आणि फोनवर शाळा, जेवण, हवापाणी इतकें झालें कीं दोघांचेंही बोलणें संपत असे. शेजारीं बसून शेतें पेरतांना आम्ही जितकें बोलत होतों त्याच्या चौथाईही तें नव्हतें.

नवीन संगणकाची गोष्ट आम्हीं वडिलांपाशीं काढली. ते एका सहकारी पतसंस्थेंत लेखनिक आहेत. हप्त्यानें घेतलेल्या वस्तूंची कथा पुढें कोठवर जाते हें ते रोज पाहतात. त्यांनीं दोन वाक्यांत निकाल दिला: नवा नाहीं, आणि हप्ता तर मुळींच नाहीं. जुन्यावर काय करावयाचें तें स्वतःच्या पैशांतून करावें, मात्र आईच्या हिशेबास धक्का लागतां कामा नये. आमच्यापाशीं बक्षिसाचे व दिवाळी-भाऊबीजेचे मिळून ६,२०० रुपये होते. दादास कळतांच त्यानें २,८०० पाठविले. एकूण ९,०००.

हाताशीं पैसे आले म्हणजे प्रथम दुकान आठवतें. पण यंत्रास नेमकें काय दुखतें हें पाहिल्यावांचून औषध आणणें बरें नव्हे. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर म्हणून जो भाग आहे तो उघडा ठेवून आम्ही एकटेच एक मोठा डाव खेळलों व आंकडे पाहात गेलों. रॅम शेकडा ९४ भरलेली. हार्ड डिस्क सतत शेकडा १००. प्रोसेसर ऐशींच्या वर. याचा अर्थ असा. रॅम हा स्वयंपाकाचा ओटा समजावा व डिस्क ही कोठीची खोली. ओटा लहान असला कीं चिरलेली भाजी कोठींत नेऊन ठेवावी लागते आणि लागेल तेव्हां पुनः आणावी लागते. स्वयंपाक करणारी सुगरण असली तरी तिचा निम्मा वेळ येरझारांत जातो. त्यांत आमच्या मदरबोर्डावर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळें चित्रें काढण्याचें कामही प्रोसेसरमधील लहानशा भागाकडे होतें, आणि तो भाग आपल्या कामाकरितां त्याच ओट्याचा एक कोपरा अडवून बसे.

त्याच दिवशीं डिस्कची प्रकृति पाहण्याचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम, क्रिस्टलडिस्कइन्फो, आम्हीं चालवून पाहिला. डिस्कमध्यें स्वतःच्या आजाराची नोंद ठेवण्याची सोय असते. पृष्ठभागावरील एखादी जागा खराब झाली कीं ती सोडून राखीव जागा वापरली जाते व त्याचा आंकडा लिहिला जातो. निरोगी डिस्कवर हा आंकडा शून्य असतो. आमच्या डिस्कवर तो शून्य नव्हता, आणि निळ्याच्या जागीं पिवळ्या रंगांत सावधगिरीचा इशारा आला होता.

आईस हें सांगितलें तेव्हां ती पोळ्या लाटीत होती. तिनें लाटणें खालीं ठेवलें व विचारलें, "म्हणजे गटाचा हिशेब जाईल?" आम्हीं सांगितलें कीं, आज जाईल कीं दोन वर्षांनीं हें कोणासच सांगतां येणार नाहीं, पण या डिस्कवर आतां विसंबतां येत नाहीं. त्या संध्याकाळीं खेळाचा विषय बाजूस पडला. जेवणानंतर आम्ही दोघें नकला काढीत बसलों. सर्व मिळून काम मिनिटांचें. पण जेथें जेथें पृष्ठभाग बिघडलेला होता तेथें तेथें यंत्र अडे, आंतून टक्‌टक्‌ असा आवाज येई, आणि आई पदराचें टोंक बोटास गुंडाळीत पडद्याकडे पाहात राही. रात्रीं साडेअकरापर्यंत सारे हिशेब एका पेन ड्राइव्हवर आले, एक सोडून. २०२१-२२ सालची नोंद कांहीं केल्या वाचतां येईना. चार वेळां प्रयत्न केला. त्या वर्षीं गटांतील सहा बायकांनीं कर्जें उचललीं होतीं व त्यांपैकीं दोघींचीं अजून फिटलेलीं नाहींत.

सुदैवानें आईस यंत्राचा भरवसा कधींच नव्हता. प्रत्येक बैठकीचा जमाखर्च ती आधीं निळ्या पुठ्ठ्याच्या वहींत लिहिते व मग संगणकावर घालते. या दुप्पट कामाबद्दल आम्हीं तिची पुष्कळदां थट्टा केली आहे. ती वही कपाटाच्या तळाशीं निघाली. तिनें वाचावें व आम्हीं टंकावें, असें तीन संध्याकाळीं करून तें वर्ष पुनः उभें केलें. बेरीज वहीशीं जुळली तेव्हां आई उठून आंत गेली, आणि थोड्या वेळानें आमच्या पुढ्यांत शिऱ्याची वाटी आली. बोललें कोणीच नाहीं. दुसरी नकल आम्हीं दादाकडे पाठविली.

आतां खरेदीची गोष्ट. आमचे मामा पुण्यास असतात. त्यांच्याकडे आठ दिवस राहावयास जाणें होतेंच. बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली ज्यांनीं पाहिली नसेल त्यांस तिचें वर्णन करून सांगणें कठीण आहे. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें बाजूस व्हावें इतकी दाटी, आणि दोहों बाजूंस तारा, दिवे, ध्वनिवर्धक व विजेच्या नाना वस्तूंनीं ओसंडून वाहणारीं दुकानें. मामांनीं आधींच बजावलें होतें कीं, किंमत विचारल्यावर तोंडावर आनंद दिसूं द्यावयाचा नाहीं.

सर्वांत प्रथम घेतली ती एस्. एस्. डी., २५६ जीबीची, नवी, १,६०० रुपयांस. जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकडी मिनिटास ७,२०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखालीं येईपर्यंत थांबावेंच लागतें. लहान लहान तुकडे ठिकठिकाणांहून वेंचावयाचे असले म्हणजे हें थांबणें सांचत जातें. एस्. एस्. डी. मध्यें फिरणारें असें कांहींच नाहीं. आमच्या एच-६१ मदरबोर्डावर सेकंदास ३ गिगाबिटांचीच वाट आहे, त्यामुळें नव्या डिस्कची कमाल गति सुमारें निम्मीच मिळते, असें एका दुकानदारानें सांगून अधिक महागाचा मदरबोर्ड आमच्या गळ्यांत बांधण्याचा प्रयत्न केला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण जो फरक डोळ्यांस दिसतो तो कमाल गतीचा नसून थांबणें नाहींसें झाल्याचा असतो. मामांनीं त्यास नमस्कार केला आणि आम्ही पुढें निघालों.

रॅम ४ जीबीची आणखी एक पट्टी, वापरलेली, ४०० रुपयांस. ती डीडीआर-३ जातीचीच पाहिजे; डीडीआर-४ ची खांच निराळ्या जागीं असते व ती बसतच नाहीं. एकाच आठ जीबीच्या पट्टीपेक्षां चार-चारच्या दोन सारख्या पट्ट्या बऱ्या, कारण प्रोसेसर दोहोंकडून एकदम माल घेऊं शकतो. प्रोसेसर वापरलेलाच, आय-५ क्रमांक ३४७०, १,४०० रुपयांस. हा आमच्याच पिढीचा, त्याच खोबणींत बसणारा, पण चार गाभ्यांचा. आय-७ मिळत होता, परंतु त्याची किंमत दुपटीहून अधिक, आणि या खेळाचें बरेंचसें काम एकाच गाभ्यावर पडत असल्यामुळें जास्तीच्या पैशांचा मोबदला आम्हांस मिळणार नव्हता.

विजेचा पुरवठा करणारा डबा, ज्यास सर्वजण एस्. एम्. पी. एस्. म्हणतात, तो मात्र नवा घेण्याचा आम्हीं हट्ट धरला. जुन्या पेटीबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॉट असें छापलेलें होतें, पण तो हातांत घेतला तर रिकाम्या पत्र्यासारखा हलका. असे डबे कागदावर पैलवान असतात. आमच्या नव्या सामानास सगळें मिळून दोनशें वॉटांच्या आसपासच वीज लागणार होती. परंतु ती स्थिर पाहिजे, आणि डबा जळतांना एकटा जळत नाहीं, शेजाऱ्यांस घेऊन जातो. '८० प्लस' असा शिक्का असलेला, म्हणजे घेतलेल्या विजेपैकीं निदान शेंकडा ८० कामास लावणारा, ४५० वॉटांचा डबा २,४०० रुपयांस मिळाला. पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, काटकसर इतर सर्व ठिकाणीं करावी, येथें करूं नये.

राहिलें ग्राफिक्स कार्ड, आणि तेथेंच खरी गंमत झाली. एका दुकानांत जीटीएक्स १०५० टीआय हें कार्ड २,९०० रुपयांस दाखविण्यांत आलें. हें कार्ड वापरलेलें घेतलें तरी त्याहून पुष्कळ महाग असतें, हें आम्हीं चौकशी करून ठेविलें होतें. मालक म्हणाले, ओळखीच्या माणसाचें आहे, म्हणून स्वस्त. आम्हीं कार्ड उलटून पाहिलें तों मागें निळ्या रंगाची जुनी व्हीजीए जोडणी. त्या पिढीच्या चिपमध्यें ही जोडणी थेट देण्याची सोयच नसते, म्हणून आमच्या मनांत शंका आली. मामांनीं मोठ्या आर्जवानें विनंति केली, "शेठ, तुमच्याच यंत्रावर एकदां लावून दाखवा, म्हणजे आम्हांस शिकायला मिळेल." कार्ड लावलें. विंडोजनें नांव १०५० टीआय असेंच दाखविलें. मग आम्हीं जीपीयू-झेड हा लहानसा प्रोग्राम चालविला, तेव्हां नांवाच्या आधीं 'फेक' असा शब्द आला. जुन्या, कमी शक्तीच्या कार्डाच्या आंतील नोंद बदलून त्यास मोठ्याचें नांव देण्याचा उद्योग बाजारांत पुष्कळ चालतो. विंडोज ती नोंद वाचून फसतें, पण चिप स्वतःची ओळख लपवूं शकत नाहीं. मालकांनीं आश्चर्य दाखविलें. तें किती खरें होतें कोण जाणे. त्यांनीं चहा मागविला, व आम्हीं तो घेतलाही.

शेवटीं दुसऱ्या एका गृहस्थाकडून जीटीएक्स ७५० टीआय हें कार्ड २,६०० रुपयांस घेतलें, तें याच रीतीनें तपासून. हें २०१४ सालचें कार्ड आहे. तें ६० वॉटांतच भागतें आणि मदरबोर्डाच्या खांचेंतूनच वीज घेतें, निराळी तार लागत नाहीं. यावर व्हीजीए जोडणी खरोखरीची आहे, आणि आमच्या जुन्या मॉनिटरास तेवढीच ठाऊक आहे. त्या मॉनिटराविषयीं पुष्कळांनीं आमची कींव केली. पण त्याचा एक फायदा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्यावर आडवे १,३६६ व उभे ७६८ असे मिळून साडेदहा लाखांच्या आंतच ठिपके आहेत. हल्लींच्या साध्या मॉनिटरावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे वीस लाखांवर असतात. अर्थात् आमच्या कार्डास चित्र काढण्याचें काम निम्म्यावर आलें. मॉनिटर बदलला असता तर कार्डही बदलावें लागलें असतें, व मग ९,००० रुपयांचें गणित कोठच्या कोठें गेलें असतें. प्रोसेसरवर लावावयाचा लेप १५० रुपयांचा. एकूण खर्च ८,५५०.

मिरजेस परत आल्यावर एका रविवारीं सकाळीं अंगणांत जुनें वर्तमानपत्र पसरून पेटी उघडली. आंत बारा वर्षांची धूळ, एक मेलेलें झुरळ, आणि दादानें केव्हां तरी हरवलेला एक शार्पनर सांपडला. धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशानें काढली. त्या वेळीं पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं लागतात. प्रोसेसर बदलणें हें सर्वांत नाजूक काम. या जातींत टांचण्या प्रोसेसरला नसून खोबणींत असतात, त्याही ११५५, केसासारख्या बारीक. एक वांकली तरी मदरबोर्ड निकामी. म्हणून जुना प्रोसेसर सरळ वर उचलावयाचा, नवा खांचा जुळवून अलगद ठेवावयाचा, दाबावयाचा नाहीं. दाबण्याचें काम पोलादी दांडीचें. लेप तांदुळाच्या दाण्याहून थोडा अधिक पुरतो. आमचे वडील आंघोळीस जावयाचे ते पंचा खांद्यावर टाकून तसेच उभे राहिले. दांडी खालीं येतांना 'करकर' असा जो आवाज झाला, त्यानें त्यांचा चेहरा उतरला; आम्ही वाचून तयार होतों म्हणून आमचा उतरला नाहीं. तो आवाज व्हावयाचाच असतो.

कळ दाबली, पंखे फिरले, एक बारीक शीळ ऐकूं आली, व पडद्यावर अक्षरें उमटलीं. नव्या डिस्कवर विंडोज नव्यानें घातलें. आतां यंत्र सुरू होण्यास चाळीस सेकंद लागत नाहींत. आईनें पहिल्या दिवशीं नेहमीप्रमाणें आधण ठेवलें आणि परत येऊन पाहते तों यंत्र तिची वाट पाहात बसलेलें. तिनें गॅस बंद करण्याकरितां पुनः स्वयंपाकघराकडे धांव घेतली.

त्या रात्रीं नऊ वाजतां आम्हीं दादास निरोप धाडिला. तो म्हणाला, "आज दोघेच खेळूं." आम्ही समजलों. पाऊण तास झाला, दोहों बाजूंस सैन्यें जमलीं, नदीच्या उतारावर मोठी झुंज झाली, आणि चित्रें सेकंदास चाळीसांच्या खालीं एकदांच गेलीं. दादा मध्येंच थांबला व म्हणाला, "थांब जरा, सोबत्यांना बोलावतो." ते आले. ज्यानें तें वाक्य लिहिलें होतें तो आमच्या विरुद्ध पक्षांत पडला. त्याचें राज्य कोणीं जिंकलें हें येथें लिहिणें सभ्यपणाचें होणार नाहीं. आतां रविवारीं नऊ ते साडेदहा ही वेळ वडिलांनीं ठरवून दिली आहे, आणि कित्येकदां ते स्वतःच मागें खुर्ची ओढून बसतात. खेळ त्यांस कळत नाहीं, परंतु शिल्लक कळते. "एवढं धान्य कोठारांत पडून आहे, आणि तूं शिपाई कां भरती करीत नाहींस?" असें ते विचारतात, व बहुतेक वेळां त्यांचेंच बरोबर असतें.

या यंत्राकडून काय होत नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. कित्येक नव्या खेळांस प्रोसेसरमध्यें एव्हीएक्स-२ नांवाची सोय लागते; ती इंटेलनें २०१३ सालच्या पुढच्या पिढींत आणली, आमच्या पिढींत ती नाहीं. ते खेळ कितीही रॅम घातली तरी उघडावयाचे नाहींत. विंडोज ११ या यंत्रास मायक्रोसॉफ्टच्या नियमांप्रमाणें चालत नाहीं, आणि विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती ग्राहकांस जी वर्षाची मुदतवाढ मिळते ती आम्हीं नोंदवून घेतली आहे, तिची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. कार्डाच्या कंपनीनेंही या पिढीच्या कार्डांकरितां नव्या खेळांस अनुकूल अशा सुधारणा ऑक्टोबर २०२५ पासून थांबविल्या असून केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत देण्याचें जाहीर केलें आहे. म्हणून बँकेचे व्यवहार या यंत्रावर करावयाचे नाहींत असें आम्हीं आईस सांगितलें आहे, आणि यापुढें त्यावर एक रुपयाही घालावयाचा नाहीं असें आम्ही ठरविलें आहे. हिशेबाची नकल मात्र दर महिन्याच्या बैठकीनंतर निघते. निळी वहीही चालू आहे, आणि तिची थट्टा आतां कोणी करीत नाहीं.

उरलेल्या ४५० रुपयांतून दादास चिवडा-लाडवांचें पार्सल गेलें. जुनी डिस्क कपाटांत आहे. २०२१-२२ ची नोंद कधीं तरी वाचतां येईल या आशेनें आई ती टाकूं देत नाहीं. आय-३, ३२२० हा प्रोसेसर कापसांत गुंडाळून चष्म्याच्या रिकाम्या डबींत ठेवला आहे. ज्या विद्यार्थिबंधूच्या घरीं याच खोबणीचा व याहून जुना प्रोसेसर असेल त्यानें मधल्या सुटींत दहावी 'ब' च्या वर्गांत येऊन चौकशी करावी. किंमत नाहीं, मात्र येण्यापूर्वी मदरबोर्डाचा क्रमांक कागदावर लिहून आणावा.